किलवर तिर्री

वीज गेली तेव्हा ताटात अजून मासा होता.
खिंडीत हिमकडा कोसळलाय, रस्ता बंद,
एवढं रेडिओवरच्या बाईनं सांगितलं
आणि बॅटरीबरोबर तीही संपली.
आईनं मेणबत्त्या शोधल्या, नाताळातल्या उरलेल्या,
एक लाल, दोन अर्ध्या.
एय्विंदुरनं पत्ते काढले, कुणी न सांगता.

एक्कावन्न पत्ते आणि एक खपटाचा तुकडा.
किलवर तिर्री कुत्र्यानं खाल्ली त्याला चार वर्षं झाली.
तिच्या जागी बिस्किटाच्या खोक्याचं खपट,
बाबांनी जाळ्याच्या सुरीनं कापलेलं, जरा वाकडंच,
वर निळ्या बॉलपेननं काढलेली तीन किलवरं.
ती कुणाच्या हातात आहे
हे पाठीवरूनच साऱ्या टेबलाला कळतं.
तरी ज्याला येते तो ती लपवतो.

वरच्या खोलीतली बोझेना खाली आली,
पायांत दोन जोड मोजे, अंगावर रजई.
मासळीच्या कारखान्यात ती आईशेजारी उभी राहून काटे काढते.
खेळ समजावून सांगावा लागला नाही :
पाच पाच पानं. रंगावर रंग, नाहीतर आकड्यावर आकडा.
अठ्ठी टाकणारा रंग बदलतो.
हातात एकच पान उरलं की मोठ्यांदा म्हणायचं, ओल्सेन.
विसरलात तर उचला तीन.
"हा तर आमचाच खेळ," ती म्हणाली,
आणि चौथ्या मिनिटाला ओरडली,
"मकाओ!"

ओल्सेन म्हणायला हवं होतं, बाबा म्हणाले.
आमच्याकडे मकाओ म्हणतात, बोझेना म्हणाली.
हे तुमचं गाव नाही,
असं बाबा म्हणाले नाहीत, पण ते वाक्य
क्षणभर टेबलावर पालथं पडून होतं.
आईनं हातातली पानं जुळवली, आधीच जुळलेली.
"ओल्सेन कोण होता?" एय्विंदुरनं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
मग त्यानंच निकाल दिला, वय वर्षं सहा :
दोन्ही चालतं. ऐकू आलं म्हणजे झालं.
बाबांनी मान खाली घातली.
"रडीचा डाव खडी," ते स्वतःलाच म्हणाले,
आणि सगळे पत्ते गोळा करून
जरुरीपेक्षा जास्त वेळ पिसत बसले.

एक डाव पाच मिनिटांचा.
असे किती झाले मोजले नाहीत.
रस्ता बंद होता, समुद्र नव्हता.
बोट पहाटे पाचला सुटणार होती, बाबांना घेऊन, चाळीस दिवसांसाठी.
पिशवी दाराशी भरून ठेवलेली,
तिच्यावर मांजर.

मग बाबांकडे एकच पान उरलं.
खपटाचं.
ते काही बोलले नाहीत.
काळोखात, हातमोज्यांतून गळ मोजणारा माणूस,
त्याला एक शब्द आठवत नव्हता
यावर माझा विश्वास बसला नाही.
मी आईकडे पाहिलं. तिनं मेणबत्तीची वात चिमटली.
बोझेना आपल्या मोज्यांकडे बघत होती.
पकडायचं कुणी, हा प्रश्न टेबलाभोवती फिरून
शेवटी सर्वांत छोट्या खुर्चीवर थांबला.

"मकाओ!" एय्विंदुर किंचाळला, खुर्चीवर उभा राहून.
"बाबा बोलले नाहीत! उचला तीन!"
बाबांनी चार उचलली.
कुणी हरकत घेतली नाही.

साडेअकराला वीज आली.
फ्रिज कण्हला, मांजर पिशवीवरून उतरलं,
आणि आम्ही सगळे डोळे बारीक करून
एकमेकांच्या हातातली पानं पाहत होतो, उघडी.
दिवा मालवायला मीच उठले.
बसले तेव्हा आईनं अठ्ठी टाकली होती.
"रंग?" एय्विंदुरनं विचारलं.
तिनं बाबांच्या हातातल्या वाकड्या खपटाकडे पाहिलं.
"किलवर सोडून."
"असं नाही चालत," तो म्हणाला.
"रंग सांगावा लागतो."
"सांगते," आई म्हणाली. "थांब जरा."